फिजीहून वलगावला

सिंगापूर विमानतळ, शनिवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं आणि आईचं तिकीट काढताना मुंबई ते नांदी असं एकच काढा. सामान थेट पुढे जातं, आपण विमानतळाच्या आतच थांबतो, त्यामुळे सिंगापूरचा व्हिसा लागत नाही. वेगवेगळी दोन तिकिटं घेतली की सामानासाठी बाहेर यावं लागतं आणि मग व्हिसा हवाच. सिडनीमार्गे स्वस्त पडलं तरी नको. तिथं नुसतं विमान बदलायलाही आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो.

नांदी, रविवार

सुखरूप पोचले. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे आहे.

भारतीयांना फिजीचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. विमानतळावरच चार महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाचा शिक्का मिळतो. पासपोर्टची मुदत मात्र किमान सहा महिने उरलेली हवी, परतीचं तिकीट हवं आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. खिडकीवरच्या बाईंनी माझं परतीचं तिकीट मागितलं, दादाचा सुव्यातला पत्ता वाचला आणि शिक्का मारला.

खरी तपासणी पुढे, सामानाची. माझ्यापुढच्या आजींच्या पिशवीतून मेथीदाण्याची पुडी निघाली. अधिकाऱ्याने ती हातमोज्याने उचलून बाजूला ठेवली. बी, फळं, भाजी, दूधदुभतं यांवर इथं फार करडी नजर आहे. लपवलं तर दंड. आईला म्हणावं, दादासाठी बांधून ठेवलेलं अंबाडीचं बी घरीच राहू दे. खायचं जे काही आणाल ते फॉर्मवर न विसरता लिहा.

सुवा, बुधवार

काल दादाने गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांच्या, एमिग्रेशन पासची प्रत दाखवली. 14 मे 1879 ला ‘लिओनिडास’ हे त्यांचं पहिलं जहाज कलकत्त्याहून फिजीत आलं. 1916 पर्यंत साठ हजारांवर माणसं उसाच्या मळ्यांत आणली गेली. पासवर नाव, बापाचं नाव, जात, उंची, जिल्हा, ठाणं, गाव आणि अंगावरच्या खुणासुद्धा! ‘गाव’ या रकान्यावर माझी नजर अडकली. माझ्या पासपोर्टवरही जन्मस्थळापुढे वलगाव आहे. पण मला कुणी अंगावरचे व्रण विचारले नाहीत.

करार पाच वर्षांचा. सरकारी खर्चाने परतायचं तर दहा वर्षं काढावी लागत. निम्म्याहून अधिक लोक इथंच राहिले. परतीचं तिकीट दाखवा म्हणतात तेव्हा आपल्याला तो कटकटीचा कागद वाटतो. त्या माणसांसाठी ती दहा वर्षांची मजुरी होती. मला हे फार लागलं, बाबा.

तुमच्या पासपोर्टची मुदत पुढच्या उन्हाळ्यात संपते. नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात भरा, आईचाही पाहून घ्या. दोन्ही पासपोर्ट हातात आल्याशिवाय तिकिटाचे पैसे भरू नका.

आपली,
ताई