आजोबांचे डफडे

गेल्या भीमजयंतीच्या मिरवणुकीनंतर आमच्या घरात वाद झाला. बॅन्डमधला सॅक्सोफोन ऐकून आमचा धाकटा हट्टाला पेटला, "बाबा, मले हेच शिकाचं आहे." आम्ही संतापून म्हणालो, "शिकून काय करशीन? लोकायच्या लग्नात वाजवशीन?"

या रागाला कारण आहे. आमचे आजोबा गावात डफडे वाजवीत. वाजविणारा मांडवाबाहेर, जेवण सर्वांच्या शेवटी, तेही उरलेसुरले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेऊन ते परतले आणि त्यांनी डफडे कायमचे टाकले. पुन्हा कोणी बोलवायला आले, तर दारातूनच परत पाठवीत. त्या स्वाभिमानावरच पुढे आम्ही बी.कॉम. झालो, कचेरीत बाबू झालो. आणि आता पणतूच्या हाती पुन्हा वाद्य!

मुलाने उलट उत्तर दिले नाही. रात्री त्याने मोबाईलवर एक रेकॉर्ड लावली. बेन वेब्स्टर हा सॅक्सोफोनवादक. साथीला ऑस्कर पीटरसनचा पियानो, रे ब्राऊनचा बास आणि एड थिगपेनचे ड्रम. चौघेही कृष्णवर्णीय. ध्वनिमुद्रण १९५९ सालचे.

जॅझमधले आम्हांस काही कळत नाही. पण वेब्स्टर संथ गाणे वाजवू लागला की सुरासोबत श्वासही ऐकू येतो. सूर संपतो, नुसती फुंकर उरते; बोलता बोलता माणसाचा गळा दाटून यावा तशी. पियानो घाई करीत नाही. थांबतो, मग हळूच उत्तर देतो. या संगीताच्या मुळाशी ब्लूज आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांत राबणाऱ्या, गुलामांच्या वंशजांचे ते गाणे. कापूस वेचणाऱ्याचे दुःख आम्हां वऱ्हाडातल्या माणसांस कोणी समजावून सांगायला नको.

पीटरसनचे वडील कॅनडात रेल्वेच्या शयनडब्यांत पोर्टर होते. काळ्या माणसाला तेव्हा तिथे मिळे ते बहुधा हेच काम. ड्युटीवर निघताना ते मुलांना पियानोचा धडा देऊन जात आणि परत आले की तपासून घेत. रेल्वेच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आमच्या गावाला असा बाप परका वाटू नये.

बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉईस यांना पत्र लिहून, अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती किती सारखी आहे, हे कळविले होते. ते पत्र आम्ही भाषणांत कितीदा तरी सांगितले. पण त्या माणसांचे गाणे कधी ऐकले नव्हते! ज्या हॉटेलात वाजवायचे तिथेच मुक्कामाला जागा नाही, असे दिवस त्यांनी काढले. तरी वाद्य सोडले नाही.

आमचे आजोबा चुकले काय? मुळीच नाही. त्यांनी मांडवाबाहेरची जागा नाकारली, म्हणून आज पणतूला आपल्या मनाने वाद्य निवडता येते. लादलेली चाकरी आणि आवडीने शिकलेली कला यांतला फरक आमच्याच ध्यानात आला नव्हता.

आम्ही दोन अटी घातल्या: अभ्यास आधी, आणि वाजवायचे ते मान ताठ ठेवून. जुना सॅक्सोफोन हप्त्याने घेतला. सध्या संध्याकाळी घरातून जो आवाज निघतो, त्याला सूर म्हणणे धाडसाचे आहे. शेजारी हसतात. पण पुढच्या जयंतीला विहारात एक तरी गाणे नीट वाजवीन, असा शब्द त्याने दिला आहे. समाजबांधवांनी मुलांच्या हाती पुस्तक द्यावेच. मुलाने वाद्य मागितले, तर आमच्यासारखे रागावू नये.