फ्रिजच्या पाठीमागची हवा

गाडीत फ्रिज बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न बॅटरीचा येतो. किती अँपिअरची घ्यायची, लिथियम परवडेल का, टपावर पॅनल किती वॅटचं लावायचं. मला हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा वाटतो, आणि परभणीत तर तिसऱ्या. पहिला प्रश्न हा, की फ्रिजनं आतून उपसलेली उष्णता टाकायची कुठे. राज्य सरकारनं 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आमच्याकडे कॅरव्हॅनचा धंदा म्हणावा असा अजून नाही. येतात त्या दुधाच्या, आईस्क्रीमच्या, औषधांच्या गाड्या, आणि अधूनमधून एखादी घरासारखी बांधलेली ट्रॅव्हलर. उष्णतेचं दुखणं सगळ्यांचं एकच. माझे गुडघे आता वाकत नाहीत, फ्रिजमागे शिरायचं काम हाताखालची पोरं करतात. कंडेन्सरमागे तळहात धरला की जे कळायचं, ते आता बोलून सांगावं लागतं. पोरं ऐकून घेतात आणि मोबाईलवर बॅटरीची टक्केवारी बघतात.

म्हणून हिशेबच मांडतो. फ्रिजच्या आत 5 अंश ठेवायचे आहेत. भोवतालची हवा 35 असेल तर भिंतींच्या आतबाहेर 30 अंशांचा फरक. तीच हवा 50 झाली तर 45. म्हणजे आत झिरपणारी उष्णता सरळ दीडपट. एवढ्यावर भागत नाही. उष्णता बाहेर फेकायची तर कंडेन्सरला भोवतालच्या हवेपेक्षा वीसेक अंश गरम राहावं लागतं, म्हणजे 55 च्या जागी 70. आतली कॉइल उणे 15 धरली तर एवढ्या फरकानं पुस्तकातल्या आदर्श यंत्राचीही कार्यक्षमता जवळपास पाचव्या हिश्श्यानं घसरते. खऱ्या कंप्रेसरची त्याहून जास्त. दोन्ही मिळून विजेचा खर्च जवळपास दुप्पट होतो. त्यात 50 हा आकडा फुगवलेला नाही. मे महिन्यात परभणीत पारा 43 च्या वर जाणं ही बातमी नसते, आणि काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी तापते. फ्रिजच्या पाटीवर बारीक अक्षरात हवामानाचा वर्ग छापलेला असतो: एन म्हणजे 32 अंशांपर्यंत, एसटी 38, आणि सगळ्यात वरचा टी, तो 43 पर्यंत. बनवणाऱ्यानं हात टेकले तिथून आमचा उन्हाळा सुरू होतो. ती पाटी वाचून फ्रिज घेणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं.

यावर ठरलेला आक्षेप असा, की खर्च दुप्पट तर बॅटरी दुप्पट लावा, आता लिथियम काय वाईट आहे? वाईट काहीच नाही. पण बॅटरी वीज पुरवते, कंप्रेसरची ताकद वाढवत नाही. कोंडलेल्या हवेत कंप्रेसर एकदा चोवीस तास फिरायला लागला की त्याच्याकडे शिल्लक काही उरत नाही. त्यानंतर दुसरी बॅटरी जोडा, तिसरी जोडा, आतलं दूध गरमच. विजेच्या बाजूनं मी एकच हट्ट धरतो, तो वायरीचा. लायटर सॉकेटला येणारी एक स्क्वेअरची वायर, जाऊन-येऊन बारा मीटर. सहा अँपिअरला सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. डॅनफॉसचा, म्हणजे आताच्या सेकॉपचा, बीडी-35 कंप्रेसर कारखान्यातून येतो तेव्हा 10.4 व्होल्टला बंद पडायला लावलेला असतो. बॅटरीत 11.6 आहेत, त्याला दिसतात साडेदहाच्याही खाली. बंद पडतो, व्होल्टेज सावरलं की पुन्हा चालू, पुन्हा बंद, आणि शिव्या बॅटरीला. सहा स्क्वेअरची वायर टाकली तर पाव व्होल्टही जात नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बारा व्होल्टचा फ्रिज महाग, त्यापेक्षा घरचा एकदारी आणून इन्व्हर्टरवर चालवू. पैशांच्या बाजूनं हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. अडचण अशी, की हल्लीच्या घरगुती फ्रिजला पाठीमागे उघडी जाळी नसते; कंडेन्सरची नळी बाजूच्या पत्र्याखाली दडवलेली असते. ते पत्रे म्हणूनच हाताला गरम लागतात. मोठ्या शहरांतले बांधणीवाले असा फ्रिज प्लायच्या कपाटात केसभर फट न ठेवता बसवतात, वर सनमायका, फोटो सुंदर येतो. पत्र्यावर गोधडी घातल्यासारखं आहे ते. ही कामं बघून मला राग येतो, आणि त्या रागात थोडी असूयाही आहे, हे कबूल करतो. माझ्या कामात बाहेरच्या पत्र्याला खाली एक आणि वर एक अशी दोन भोकं दिसतात. सांधा दिसू न देणाऱ्याची वाहवा होते, भोकं पाडणाऱ्याला गाडीचा मालक विचारतो, हे झाकता येणार नाही का. आतल्या गार पाण्याचं श्रेय बॅटरीला जातं. ते मला अजून खुपतं.

गॅसवरच्या फ्रिजची शिफारस परदेशी पुस्तकं वाचलेले लोक करतात. स्वीडनच्या प्लाटेन आणि मुंटर्स यांनी 1922 मध्ये काढलेली ती युक्ती देखणी आहे, हलणारा एकही भाग नाही. पण तिला सपाट जमीन आणि थंड हवा हवी. आमच्याकडे दोन्ही नाही.

उलट प्राथमिक आरोग्य केंद्रातली लसींची पेटी बघावी. तिच्या भिंतींत बर्फाचं अस्तर असतं आणि दिवसात आठ तास वीज मिळाली तरी ती लस सांभाळते. दहा किलो बर्फ वितळताना साधारण 930 वॅट-तासांची उष्णता गिळतो. म्हणजे सहाएकशे वॅट-तास विजेचं काम, 100 अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून नीट काढता येते तेवढीच. पहाटे बाहेरची हवा सत्तावीस-अठ्ठावीसवर असताना बर्फ धरून घ्यावा आणि दुपारी कंप्रेसरला विसावा द्यावा, असं माझं मत. पॅनलवाले म्हणतात, ऊन तर दुपारचं, पहाटे वीज आणणार कुठून? प्रश्न बरोबर आहे. रात्रीपुरती बॅटरी लागतेच, पण मग ती थंड हवेत खर्च होते, आणि तीच वीज दुपारच्या जवळपास दीडपट काम करते.

राहिली धूळ. जाळी ठेवली की काळ्या रानाची माती आत येणार, पावसाळ्यात पाणीही येणार, हा आक्षेप गंगाखेड-पालमच्या रस्त्यांवर फिरणाऱ्याला सांगावा लागत नाही. पाण्याला तिरपी पट्टी पुरते. धुळीला नाही. बारीक जाळी लावली तर महिन्याभरात ती बुजते आणि हवा अडते, मोठी लावली तर कंडेन्सरवर थर बसतो. पोरं बारीक लावू म्हणतात, वर पंखा. मी मोठीच लावतो आणि गाडीच्या मालकाच्या हातात एक ब्रश देतो. तो ब्रश फिरवला जात नाही, हेही मला माहीत आहे.