बातमीच्या आवाजातली गोष्ट

एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी 1898 ची. मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर चाल करून येतात. सांगणारा हे सगळं संपल्यावर आठवून सांगतो. तो जिवंत राहिलाय हे ठाऊक असल्यामुळे भीती वाटली तरी धीर सुटत नाही.

30 ऑक्टोबर 1938 रोजी ऑर्सन वेल्स यांनी ती अमेरिकेत रेडिओवर आणली. (दोघांचं आडनाव मराठीत सारखंच दिसतं, माणसं वेगळी.) संगीत मध्येच तोडून बातम्या सुरू झाल्या. घडून गेलेलं आता घडू लागलं. बातमीदार बोलता बोलता गप्प होतो आणि पुढं नुसती शांतता. मुद्रण ऐकताना मी तिथंच दचकले.

आमचे अब्बा रेडिओवर बातम्या लागल्या की कुणाला बोलू देत नसत. ज्या आवाजावर घर विश्वास ठेवतं, तोच आवाज गोष्टीसाठी वापरावा, हे मला अजून पुरतं पटत नाही. लोक घाबरले खरे. पण वर्तमानपत्रांनी ते फार फुगवलं, असं आता अभ्यासक म्हणतात.

उत्तरार्धात एकटा प्राध्यापक सांगू लागतो आणि कादंबरीचा विचारी सूर परत येतो. मला तो भाग संथ वाटला. अम्मी मात्र म्हणाली, “आता कुठं गोष्ट ऐकल्यासारखं वाटतंय.”