शून्य कुठलं?

ड्रॉइंगच्या शीटवर आपण आधी एक्स-वाय लाइन मारतो आणि मग सगळं तिच्यावरून मोजतो. फर्स्ट इयरला मला ती नुसती सोय वाटायची.

मग आमच्या अंधेरीच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटचे कागद आले. त्यात अट होती, प्लॉटवर निदान ९२ टी.एच.डी.पर्यंत भराव घालायचा. तळमजल्यावरचे काका एकदम खूश. "९२ फूट उंच! आता पाणी कसं शिरतं बघू."

सर्व्हेइंग शिकलेली मी एकटीच, त्यामुळे सांगणं माझ्याकडे आलं. टी.एच.डी. म्हणजे टाउन हॉल डेटम, महापालिकेची उंची मोजायची जुनी पद्धत. तिचं शून्य समुद्रपातळीच्याही बरंच खाली आहे. सरासरी समुद्रपातळीच तिच्यात साधारण २४ मीटर, म्हणजे ७९ फूट भरते. काकांचे उरले १३ फूट! त्यात पेपरात छापतात ती साडेचार मीटरची भरती तिसऱ्याच शून्यावरून, सरासरीच्या अडीच मीटर खालून मोजलेली. म्हणजे भरतीचं पाणी सरासरीच्या वर साडेसहा फूट येतं. राहिले तेवढेच साडेसहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, वर भरती, नाल्यांचं पाणी जाणार कुठे?

काका गप्पच झाले. मग मी त्यांना अटीचा पुढचा भाग दाखवला: "किंवा शेजारच्या रस्त्यापेक्षा सहा इंच वर, जे जास्त असेल ते."

"आणि रस्ता दर दोन वर्षांनी वर चढतो त्याचं काय?" काकांनी विचारलं.

याचं उत्तर आमच्या सिलॅबसमध्ये नाही. पुढच्या मीटिंगला काका हाच प्रश्न बिल्डरला विचारणार आहेत.