हाताची वर्दी

आपला हात कोठे आहे, हे न पाहताही आपणांस कळते. यात नवल ते काय, असे मला परवापर्यंत वाटत होते. अर्धांगवायूने उजवा हात अधू झालेल्या दादांबरोबर मी व्यायामोपचारासाठी गेलो होतो. तेथील बाईंनी माझाच हात मेजावर टेकवून बांधला आणि कोपराच्या खळगीतील कंडरेवर एक थरथरणारे यंत्र धरले. “आता डोळे मिटा.” क्षणभराने माझा हात हळूहळू सरळ होऊ लागला. डोळे उघडून पाहतो तो हात जागच्या जागी, होता तसाच वाकलेला!

स्नायूंच्या आत ताणाची वर्दी देणारे सूक्ष्म दूत असतात. सेकंदाला ८०-१०० कंप बसले, की स्नायू लांबला अशी खोटी वर्दी ते धाडतात आणि मेंदू ती खरी मानतो. गुडविन, मॅक्क्लॉस्की व मॅथ्यूज यांनी हे १९७२ साली दाखवून दिले. पुढे १९८८ साली लॅकनर यांनी लोकांना बोटांनी स्वतःचे नाक धरावयास लावले, तेव्हा हात दूर चालला तसे नाकही लांबत चालल्याचा भास कित्येकांना झाला! मेंदूचा हा युक्तिवाद एखाद्या मुरलेल्या वकिलालाही लाजवील.

मला मात्र हसू आले नाही. दादांच्या हाताकडून तर खोटीही वर्दी पोहोचत नाही, असे बाई सांगत होत्या. आठच दिवसांपूर्वी त्यांच्या हातून चहाचा पेला निसटला, तेव्हा “दादा, जरा लक्ष असू द्या,” असे मी चारचौघांत बोलून गेलो होतो. “अरे, पेला हातातच आहे असे वाटत होते मला,” ते म्हणाले होते. मला ती सबब वाटली होती.