लाल ओळीतले मराठी अंक

मुलाचे गणित चुकले की आम्ही शिक्षक ठरलेला सवाल करतो, ‘प्रश्न नीट वाचलास का?’ हा सवाल एक दिवस आमच्यावरच उलटला.

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. कोल्हापुरातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेतले आम्ही तिघे शिक्षक. सहावीच्या मुलांसाठी उर्दूतून गणिताचा सराव देणारे एक छोटे ॲप करावे, असे ठरवले. व्हिडिओ पाहत, अडखळत, जुन्या लॅपटॉपवर काम सुरू झाले. उजवीकडून डावीकडे वाचायची लिपी पडद्यावर नीट बसवण्यातच पंधरा दिवस गेले. अखेर दहा प्रश्नांचा संच तयार झाला. बरोबर उत्तराला एक गुण, मदत घेऊन दिलेल्या बरोबर उत्तराला अर्धा. आमच्या तिघांच्या फोनवर ॲप सुरेख चालले. आम्ही खूश.

दोन दिवसांनी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. ते फळांचा गाडा लावतात. मोबाईल एकच, तो रात्री घरी आला की मुलगी अभ्यासाला बसायची. ‘सर, दहा प्रश्न होत्यात आणि लगेच बंद पडतंय बघा.’

आम्ही सांगितले, फोन जुना असेल. मग म्हणालो, जागा कमी असेल, फोटो काढून टाका. मग, ॲप काढून पुन्हा घाला. त्या बिचाऱ्यांनी सगळे केले. बी.एड.ला निदानात्मक चाचणी शिकलो होतो : मूल नेमके कुठे अडते ते आधी शोधा, उपचार नंतर. इथे मात्र निदानाआधीच औषधांची यादी चालू होती.

तीन आठवड्यांनी, टाळेबंदी सैल झाल्यावर, वडील मुलीला घेऊन फोनसकट आले. तोंडावर रुमाल बांधलेली ती पोर हळूच म्हणाली, ‘सर, मैं गलत जवाब दी, इस वास्ते बंद होताय क्या?’

ती रोज रात्री एकेक उत्तर बदलून पाहत होती. कोणत्या चुकीमुळे ॲप रागावते, ते शोधत होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही.

फोन वायरने लॅपटॉपला जोडला. दहावा प्रश्न झाला, ॲप बंद पडले आणि लॅपटॉपवर इंग्रजीतल्या लाल ओळींचा ढीग कोसळला. अशा ओळी आम्ही आधीही पाहिल्या होत्या. घाबरून पुसून टाकल्या होत्या. या वेळी वरून एकेक ओळ मोठ्याने वाचली. ‘नंबर फॉरमॅट एक्सेप्शन’ आणि त्यापुढे, त्या इंग्रजी गर्दीत, स्वच्छ मराठी अंक : ‘७.५’.

वडील मराठी शाळेत शिकलेले. त्यांनी फोन मराठीत ठेवला होता. आमचे तिघांचे फोन इंग्रजीत. गुण नीटनेटके दिसावेत म्हणून आम्ही संख्येचा आधी मजकूर करत होतो आणि सरासरी काढायला त्याच मजकुराची पुन्हा संख्या. भाषा कोणती, हे आम्ही सांगितलेच नव्हते. त्यामुळे फोनने आपल्या मालकाच्या भाषेत अंक लिहिले. परत वाचणारी आज्ञा मात्र इंग्रजी अंकच ओळखणारी. साडेसात पाहून ती थबकली आणि ॲप कोसळले. फोन बिघडला नव्हता, मुलगीही चुकली नव्हती. चूक आमची होती. त्या ओळीखाली पिवळी खूणही होती. लाल नाही म्हणून आम्ही ती सोडून दिली होती.

नवव्या शतकात बगदादच्या अल्‌-ख्वारिज्मीने हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा, यावर ग्रंथ लिहिला. अरबीत वापरले जाणारे अंक आजही ‘हिंदी अंक’ म्हणूनच ओळखले जातात. त्याच्याच नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. पुढे १२०२ साली फिबोनाचीच्या ग्रंथाने या अंकांची युरोपला चांगली ओळख करून दिली. एवढा प्रवास करून घरी परतलेल्या अंकांना उर्दू शाळेच्या ॲपमध्ये, मराठी फोनवर, आम्हीच दार बंद केले होते. घरात दखनी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू हे आमच्या वस्तीचे रोजचे जगणे. ते विसरून आम्ही सगळ्यांना आपल्या फोनसारखेच धरले.

दुरुस्ती एका ओळीची होती. मजकूर फक्त दाखवायला ठेवला, हिशेब मूळ संख्येवरच केला. नव्याने ॲप घातले. मुलीने तिथेच बसून दहा प्रश्न सोडवले. ॲप उघडेच राहिले. आम्ही तिघांनी तिची माफी मागितली. आमच्यातल्या आपांनी तिला समजावले, ‘बेटा, गलती हमारी थी.’

तिने क्षणभर विचार केला आणि विचारले,

‘तो फिर मेरा पैला जवाब सही था क्या?’