लेकीसाठी हॉट एअर मशीन घेताना



मिक्सर कुठला घ्यावा, कुकर किती लिटरचा घ्यावा, हे आपण एकमेकींना नेहमी विचारतो. आज मात्र अशा वस्तूबद्दल लिहिते आहे, जिचं नावसुद्धा आपल्यापैकी बऱ्याचजणींनी ऐकलं नसेल. हॉट एअर रिवर्क स्टेशन. माझी लेक इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. कॉलेजचा अभ्यास वेगळा, पण घरी बसून सर्किट जोडायचं, बिघडलेलं काही उघडून बघायचं, हा तिचा छंद. सोल्डरिंगची साधी कावी तिच्याकडे दोन वर्षांपासून आहे. यंदा तिनं हे गरम हवेचं मशीन मागितलं.

आमचं मानखुर्दचं घर दोन खोल्यांचं. त्यात माझ्या सासूबाईंना दमा. त्यामुळे प्रश्न नुसता पैशाचा नव्हता. एकीकडे लेकीचं शिकणं, दुसरीकडे सासूबाईंचा श्वास, आणि मध्ये मी. "घरात धूर नको," हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पाहुण्यांपैकी एकींनी "मुलीच्या जातीला हे भट्टीचं काम कशाला" असंही म्हणून घेतलं. दुसऱ्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. पहिलं मात्र खरं होतं, त्यामुळे ठरवलं की आधी वस्तू समजून घ्यायची आणि मगच हो किंवा नाही म्हणायचं.

समजून घ्यायला मला आपली कल्हई उपयोगी पडली. लहानपणी गावाकडे दारावर कल्हईवाला यायचा ते तुम्हाला आठवत असेल. भाता चालवायचा, पातेलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, की भस्सकन पांढरा धूर. मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे फिरवायचा. नवसागर कशाला? तर धातूवरचा मळ आणि गंज काढून कथिल नीट पसरावं म्हणून. सोल्डरिंगमध्ये तेच होतं. कथिलाची तार वितळवायची आणि मळ काढायला फ्लक्स लावायचा. फरक एवढाच की इथे नवसागर चालत नाही, तो तांब्याच्या बारीक रेषा पुढे खाऊन टाकतो. म्हणून फ्लक्स बहुतेक राळेचा असतो, म्हणजे चीडच्या झाडाच्या चिकापासून केलेला.

आता कावी असताना गरम हवा कशाला, हे मीही विचारलं. लेकीनं एका भंगार मोबाइलचं बोर्ड भिंगाखाली धरून दाखवलं. नखाएवढ्या चिपला चारही बाजूंनी पाय, काहींना तर पाय दिसतच नाहीत, सगळे पोटाखाली. कावीनं एक पाय सुटा करून दुसऱ्याकडे जावं तर पहिला पुन्हा घट्ट. गरम हवेनं सगळे सांधे एकदम वितळतात आणि चिमट्यानं चिप अलगद उचलता येते. जोर लावला तर खालची तांब्याची पट्टीच उखडते आणि बोर्ड कायमचं जातं. मला इडलीची आठवण झाली. नीट वाफवलेली इडली आपोआप सुटते, घाई केली की निम्मी साच्यातच राहते.

खरेदीला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. मानखुर्दहून हार्बरनं कुर्ला, मग दादर, आणि तिथून ग्रँट रोड. रस्त्याचं आजचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव लोकांच्या तोंडातून अजून गेलेलं नाही. कपड्यांच्या बाजारात आपण जसं सूत हाताला लावून बघतो, तसं इथे मुलं रेझिस्टर मोजून घेत असतात. दुकानात बाई दिसली की दुकानदार "मॅडम, काय लिहून आणलंय?" असं विचारतात. मी म्हटलं, लिहून काही आणलेलं नाही, लेक सांगेल.

तिथे जे बघितलं, ते सोपं करून सांगते.

पहिला प्रकार ८५८ नावाचा. हे एका कंपनीचं नाव नाही, एकाच नमुन्याची मशीन वेगवेगळ्या नावांनी विकली जातात. हवेचा पंखा हातात धरायच्या मुठीतच असतो. त्यामुळे खालचा डबा लहान आणि किंमत कमी. आम्ही विचारलं तेव्हा दोन-अडीच हजारांपासून सुरुवात होती. वीज साधारण ७०० वॉट, म्हणजे सलग अर्धा तास चाललं तरी अर्ध्या युनिटच्या आत. मूठ थोडी जाड, पण घरच्या कामाला पुरते.

दुसऱ्या प्रकारात हवा खालच्या डब्यातून नळीनं येते. मूठ हलकी, वारा जास्त, तापमान जास्त स्थिर. क्विक कंपनीचं ८६१डीडब्ल्यू हे त्यातलं नावाजलेलं. १००० वॉटचं, आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर हमखास दिसतं. जपानच्या हक्को कंपनीची मशीनही उत्तम. पण यांची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट.

तिसरा प्रकार कावी आणि गरम हवा एकाच डब्यात. जागा वाचते. पण एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला जातात, आणि आमच्याकडे कावी होतीच.

लेकीचा डोळा अर्थातच दुसऱ्या प्रकारावर. ते रोज आठ तास काम करणाऱ्याचं मशीन आहे, आणि ती आठवड्यातून दोनदा बसते. मी तिला एवढंच म्हटलं, "चार माणसांच्या घराला लग्नाची कढई लागत नाही." ती थोडी हिरमुसली. मग स्वतःच म्हणाली की उरलेल्या पैशांत चांगला चिमटा, भिंग आणि धूर ओढणारा पंखा येईल. मला तिचा हा हिशेब फार आवडला.

परिग्रह वस्तूत कमी आणि आसक्तीत जास्त, असं आपण स्वाध्यायात ऐकतो. अपरिग्रह म्हणजे सगळ्यात स्वस्त वस्तू घेणं नव्हे. महिन्याभरात मोडणारं स्वस्त मशीन म्हणजे पुन्हा कचराच. आपल्या गरजेएवढं घ्यायचं आणि ते टिकेल असं घ्यायचं. शिवाय मानखुर्दला राहणाऱ्या बाईला कचऱ्याबद्दल कुणी वेगळं सांगायला नको. १९२७ पासूनचं देवनारचं डम्पिंग ग्राउंड आमच्या शेजारीच आहे. वारा तिकडून आला की आम्ही खिडक्या लावतो. आपण टाकलेली वस्तू "जाते" म्हणतो, पण ती कुणाच्या तरी दारापाशीच जाते. आमच्या बाबतीत ते दार जवळचं आहे, एवढंच. म्हणून दुरुस्तीचं मशीन घरात येणार, याला माझ्या मनानं आधीच हो म्हटलं होतं.

८५८ घ्यायचं ठरलं. पण त्यातही पारखून घ्यावं लागतं. ज्यांच्या घरी मुलं हे शिकतात त्यांनी पुढच्या गोष्टी जरूर बघाव्यात.

अर्थिंग सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्त मशीनमध्ये कधी अर्थची तार आत नीट जोडलेली नसते, किंवा स्विच चुकीच्या तारेवर असतो आणि बंद केल्यावरही आत करंट राहतो. लेकीनं मल्टिमीटर सोबत नेला होता. प्लगची मोठी पिन आणि मुठीची धातूची नळी यांच्यात जोड आहे का, ते तिनं काउंटरवरच तपासलं. पहिल्या मशीनला मीटर वाजला नाही, दुसऱ्याला वाजला. दुसरं घेतलं. ज्यांना हे जमत नाही त्यांनी वायरमनकडून तपासल्याशिवाय मशीन लावूच नये. आणि काम संपलं की भिंतीवरचं बटणही बंद करावं.

दुसरं म्हणजे मूठ स्टँडवर ठेवल्यावर मशीन काय करतं. चांगलं मशीन आच बंद करतं, पण गार होईपर्यंत वारा चालू ठेवतं. तो थांबायच्या आत बटण बंद केलं तर आतली तापलेली कॉइल लवकर खराब होते. दुकानात चालू करून, स्टँडवर ठेवून बघावं.

तिसरं, सुटे भाग. हीटर आणि नोझल वेगळे मिळतात का ते विचारून घ्यावं. ८५८ चा हा मोठा फायदा, त्याचे भाग सहज मिळतात. बिल मात्र पक्कं घ्यावं.

चौथं, आकड्यावर विसंबू नये. काचेवर ३५० लिहून आलं तरी ते मुठीच्या आतल्या हवेचं तापमान. बोर्डापर्यंत पोहोचेतो ते कमी होतं. शिसं असलेली ६३-३७ ची तार १८३ अंशांना वितळते, बिनशिशाची साधारण २१७ ते २२० ला. तरी मशीन त्याच्या बरंच वर ठेवावं लागतं, ते यामुळेच.

तार कुठली घ्यायची यावर आमची चर्चा झाली. शिशाची तार कमी आचेवर वितळते, शिकणाऱ्याला सोपी. पण शिसं हाताला लागून पोटात जातं, हा धोका. युरोपनं जुलै २००६ पासून नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत त्यावर बंधन आणलं. आमच्या घरात जेवायची आणि कामाची जागा यांत सहा फुटांचं अंतर. म्हणून बिनशिशाची घेतली. लेकीला आच थोडी जास्त लागते, तेवढं ती सांभाळते. तरीही नियम ठरवले. काम स्वयंपाकघरात नाही. टेबलावर खाणं-पिणं नाही. उठल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय कशालाही शिवायचं नाही.

आता धूर. राळेचा धूर दम्याच्या माणसाला खरंच बाधतो, हे सासूबाईंचं म्हणणं अगदी बरोबर होतं. नुसता कार्बनचा छोटा पंखा पुरत नाही. म्हणून टेबल गॅलरीच्या दाराशी लावलं, पंखा बाहेर तोंड करून ठेवला, आणि सासूबाई दुपारी खाली बाकावर बसायला जातात त्या वेळेतच काम करायचं ठरलं. आतल्या खोलीचं दार बंद. हे तीन आठवडे पाळल्यावर त्यांनी एकदा मुद्दाम वर येऊन बघितलं. काही बोलल्या नाहीत, पण खोकलाही आला नाही.

आपल्याकडच्या दोन गोष्टी वेगळ्या सांगते. दिवेलागणीनंतर टेबलाच्या दिव्यावर किडे येतात, चातुर्मासात तर फारच, आणि समोर ३५० अंशांचा वारा. त्यामुळे आमच्याकडे हे मशीन सूर्यास्तानंतर चालू होत नाही. गॅलरीला बारीक जाळीही लावून घेतली. दुसरं म्हणजे ब्रश. फ्लक्स पुसायचे पुष्कळ ब्रश डुकराच्या केसांचे असतात. नायलॉनचे मागितले की मिळतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. ते विषारी आहे आणि पटकन पेट घेतं, म्हणून मशीन पूर्ण गार झाल्यावरच बाटली उघडायची.

पहिला महिना लेकीनं फक्त किलोवर आणलेल्या भंगार बोर्डांवर हात बसवला. चिप काढायची, परत बसवायची, परत काढायची. किती पट्ट्या उखडल्या याची ती वहीत नोंद ठेवायची. शेवटच्या आठवड्यात एकही नव्हती.

त्यानंतर एका दुपारी सासूबाईंनी आपला मोबाइल तिच्यापुढे ठेवला. त्यावर त्या रोज सकाळी प्रवचन ऐकतात. चार्जिंगची पिन ढिली झाली होती, आणि दुकानदारानं नवा घ्या म्हणून सांगितलं होतं. "बघ तुला जमतंय का. नाही जमलं तर नाही," एवढंच त्या म्हणाल्या. लेकीनं आधी बॅटरी काढून लांब ठेवली, कारण तापली तर ती पेट घेऊ शकते. आजूबाजूच्या प्लास्टिकला आच लागू नये म्हणून पिवळी कॅप्टन टेप लावली, जुनी पिन सोडवली, नवी बसवली. वेळ बराच लागला. मी भाजी निवडत होते, पण सगळं लक्ष तिकडेच होतं. फोन लावला तेव्हा चार्जिंगची खूण उमटली. सासूबाईंनी तो घेऊन पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "खालच्या मजल्यावरच्या काकूंचा पण असाच झालाय."

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्त करून वापरणं हा आपला हक्क आहे, हा त्यामागचा विचार. आपल्या आज्यांना यासाठी पोर्टल लागलं नव्हतं. फुटक्या घागरीला डाख लावून त्या वीस वर्षं वापरायच्या. आता घागरीच्या जागी मोबाइल आला आणि डाख लावणारा हात आपल्या मुलींचा असू शकतो.

तुमच्या घरात कुणी असं मशीन मागितलं तर लगेच नको म्हणू नका, आणि लगेच घेऊनही देऊ नका. आधी जुन्या बोर्डांवर साध्या कावीनं हात बसू द्या. मग धूर कुठून बाहेर जाणार, अर्थिंग आहे का, टेबल कुठे मांडणार, एवढं एकत्र बसून ठरवा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही त्यात घ्या. त्यांची हरकत बहुतेक वेळा आपल्याला वाटते तशी मुलीच्या शिकण्याला नसते. ती नीट ऐकली तर तिच्यातूनच मार्ग सापडतो.

जय जिनेंद्र.